कंठग्रंथीची गोष्ट – ७ : दुसऱ्या बाजूला जाण्याआधी

थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरलेल्या माणसाला तीन प्रश्न छळत असतात. गाठ कर्करोगाची निघेल का, गळ्यावर व्रण किती दिसेल, आणि आवाज जाणार नाही ना? पहिल्या प्रश्नाबद्दल मागच्या लेखांत सविस्तर बोललो. दुसऱ्या प्रश्नाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शस्त्रक्रियेचं रूपच पालटलं. छेद लहान होत गेला, पुढे तो मानेवरून नाहीसाही झाला. पण छेद लहान झाला की सर्जनची बोटंही बाहेर राहतात, आणि तिसरा प्रश्न अधिक टोकदार होतो. म्हणून आज आवाजाच्या नसेबद्दल आणि तिच्यावर यंत्राने ठेवल्या जाणाऱ्या पहाऱ्याबद्दल.

या नसेचा मार्ग चमत्कारिक आहे. मेंदूतून निघालेली व्हेगस नस मानेतून खाली छातीकडे जाते. स्वरयंत्र वाटेतच लागतं, पण त्याला हलवणारी मुख्य फांदी तिथे फुटत नाही. ती खाली जाऊन फुटते आणि उलटी फिरून वर येते. डावीकडची फांदी हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला वळसा घालते, तर उजवीकडची हाताला रक्त नेणाऱ्या धमनीला. गर्भात हृदय आधी मानेच्या जवळ असतं. ते खाली छातीत सरकतं तेव्हा धमन्या या नसेलाही खाली ओढून नेतात. जिराफासारख्या लांब मानेच्या प्राण्यात हा फेरा कित्येक फुटांचा होतो. तिचं नाव रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं ‘नर्व्ह’ म्हटलं की हीच समजायची.

वर येताना ती श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून, थायरॉइडच्या अगदी पाठीमागून स्वरयंत्रात शिरते. जाडी जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. खरी कसोटी शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये असते. तिथे बेरीचा बंध नावाच्या चिवट पट्ट्याने थायरॉइड श्वासनलिकेला घट्ट चिकटलेली असते, आणि नस त्याला खेटून जाते. ग्रंथी सोडवण्यासाठी तो बंध कापावा लागतो, त्यातून रक्तही येतं, आणि ते थांबवण्याच्या घाईत चिमटा किंवा उष्णता नसेला लागू शकते.

एका बाजूची नस दुखावली तर त्या बाजूचा स्वरतंतू हलत नाही. आवाज घोगरा होतो, बोलताना हवा सुटते, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या तर दोन्ही स्वरतंतू मध्याजवळ अडकून राहू शकतात आणि श्वासाची वाटच बंद होते. मग गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवण्याची वेळ येते. हा दुसरा प्रसंग विरळा, पण थायरॉइडच्या सर्जनला सगळ्यात मोठी धास्ती त्याचीच असते.

या नसेचं काम दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेनने दाखवून दिलं होतं. ओरडणाऱ्या डुकराच्या या नसा त्याने बांधल्या, आणि जनावर धडपडत राहिलं तरी आवाज थांबला. असं असूनही विसाव्या शतकात बरीच वर्षं पुष्कळ सर्जनांचा नियम होता की नसेच्या वाटेला जाऊच नये. बोस्टनच्या फ्रँक लाही यांनी १९३८ मध्ये याच्या नेमकं उलट मांडलं: नस शोधा, डोळ्यांनी पाहा, तिचा माग काढत जा. हजारो शस्त्रक्रियांचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. आजही पहिला नियम हाच आहे, आणि कोणत्याही यंत्राने तो मोडीत निघालेला नाही.

मात्र डोळ्यांना एक मर्यादा आहे. नसेला होणाऱ्या बहुतेक इजा कापल्या जाण्याच्या नसतात, ओढल्या जाण्याच्या असतात. ग्रंथी वर उचलून मध्याकडे ओढली की मागची नसही ताणली जाते. अशी ताणलेली नस दिसायला धडधाकट, पांढरीशुभ्र, सलग असते. ती काम करते आहे की नाही हे पाहून सांगता येत नाही. पूर्वी ते दुसऱ्या दिवशी रुग्णाने तोंड उघडल्यावर कळायचं.

नसेवरच्या पहाऱ्याची, म्हणजे नर्व्ह मॉनिटरिंगची, गरज इथून सुरू होते. १९६० च्या दशकात तिचे प्रयोग झाले, आधी कुत्र्यांवर आणि मग माणसांवर. आजची पद्धत अशी: भूल देताना श्वासनलिकेत जी नळी घालतात तिच्यावर, स्वरतंतूंना टेकेल अशा जागी, विद्युत्अग्रं बसवलेली असतात. सर्जन एका बारीक प्रोबने नसेला एक-दोन मिलिअँपिअरचा सूक्ष्म झटका देतो. नस जिवंत असेल तर स्वरतंतूचा स्नायू आकसतो, त्याची नोंद नळीवरची अग्रं घेतात, यंत्र ‘टक्-टक्’ वाजतं आणि पडद्यावर लाट उमटते. लाटेची उंची शंभर मायक्रोव्होल्टच्या खाली घसरली की सिग्नल गेला असं धरतात.

सगळा भरवसा त्या नळीवर आहे, आणि नळी बसवणारा असतो भूलतज्ज्ञ. त्याच्या कामाचं श्रेय रुग्णापर्यंत क्वचितच पोचतं. स्नायू शिथिल करणारं औषध जास्त वेळ टिकलं तर नस ठणठणीत असूनही स्वरतंतू हलणार नाही, म्हणून ते अल्पकाळ टिकणारं किंवा अगदी कमी मात्रेत द्यावं लागतं. नळी बसली, मग खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवली, की नळी जागेवरून सरकते किंवा फिरते. अग्रं स्वरतंतूंवरून हलली की पुढचं सगळं व्यर्थ. त्यामुळे मान झुकवल्यावर भूलतज्ज्ञ कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपने पुन्हा घशात पाहतो, दोन्ही स्वरतंतू अग्रांना टेकले आहेत याची खात्री करतो आणि मगच नळी चिकटपट्टीने पक्की करतो. दोन मिनिटांचं काम. पण ते टाळलं तर पुढचे दोन तास यंत्र खोटं बोलत राहील.

सुरुवातीलाच, ग्रंथीला हात लावण्याआधी, व्हेगस नसेला प्रोब टेकवून सिग्नल घ्यायचा. मग आवाजाची नस सापडल्यावर तिच्यावर, ग्रंथी काढून झाल्यावर पुन्हा तिच्यावर, आणि शेवटी परत व्हेगसवर. शेवटची पायरी गाळून चालत नाही. दुखापतीच्या पलीकडे, स्वरयंत्राच्या बाजूला प्रोब लावला तर नस उत्तर देतेच आणि खोटा दिलासा मिळतो. वायरमन टेस्टर लावत लावत वायर कुठे तुटली ते हुडकतो, तसा सर्जन वरून खाली प्रोब टेकवत जातो. कुठपर्यंत सिग्नल येतो आणि कुठून येत नाही, यावरून नेमकी कुठे ओढ बसली ते कळतं.

आता लहान छेदाकडे येऊ. १९९६ मध्ये मिशेल गॅन्ये यांनी दुर्बिणीने मानेतली, थायरॉइडलगतच्या पॅराथायरॉइड ग्रंथींची शस्त्रक्रिया केली. पुढच्या काही वर्षांत इटलीतल्या पिसाच्या पाओलो मिकोली यांनी दीड-दोन सेंटिमीटरच्या छेदातून, दुर्बिणीच्या साहाय्याने थायरॉइड काढण्याची पद्धत बसवली. बँकॉकच्या अंगकून अनुवाँग यांनी २०१६ मध्ये साठ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि खालच्या ओठाच्या आतून, तीन छिद्रांतून केलेली शस्त्रक्रिया जगभर पोचली. त्यात मानेवर व्रण नाहीच.

दुर्बिणीत नस मोठी आणि स्वच्छ दिसते, हा खरा फायदा आहे. पण छोट्या छेदातून ग्रंथीची पाळी बाहेर काढताना ओढ जास्त बसते. अरुंद जागेत रक्तवाहिन्या बंद करणारी उष्ण उपकरणं नसेच्या फार जवळ येतात. ओठाकडून जाताना दिशा उलटी होते, म्हणजे नस आधी वर, स्वरयंत्रात शिरते तिथे भेटते आणि तिचा माग खाली काढत जायचं असतं. शिवाय मोठ्या छेदात सिग्नल गेल्यावर सर्जन स्वरयंत्राच्या मागे बोट ठेवतो, व्हेगसला झटका देतो आणि स्नायूची हालचाल बोटाला लागते का ते पाहतो. दोष नळीचा की नसेचा, हे त्याला तिथल्या तिथे कळतं. तोंडातून केलेल्या शस्त्रक्रियेत ते बोट आत जात नाही. एक हुकमी पडताळा हातचा जातो, आणि म्हणूनच छेद जितका लहान तितका मॉनिटर निकडीचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्रामुळे इजा खरंच कमी होतात का? जर्मनीत २००४ मध्ये जवळपास तीस हजार नसांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात नस नुसती डोळ्यांनी पाहणं आणि यंत्राचीही मदत घेणं यांत कायमच्या इजेच्या बाबतीत ठोस फरक आढळला नाही. २००९ मध्ये पोलंडमध्ये हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत तात्पुरत्या इजा यंत्रामुळे कमी झाल्या, कायमच्या मात्र नाहीत. म्हणजे ‘मशीन आहे, आवाज सुरक्षित’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. सिग्नल शेवटपर्यंत शाबूत राहिला तर स्वरतंतू हलणार याची खात्री बरीच मोठी असते. सिग्नल गेला म्हणजे स्वरतंतू गेलाच असं मात्र नाही. काही रुग्णांत तो दुसऱ्या दिवशी व्यवस्थित हलताना दिसतो.

मग एवढा खटाटोप कशाला? संपूर्ण थायरॉइड काढायची असते तेव्हा एका बाजूनंतर दुसरी बाजू येते. पहिल्या बाजूचा सिग्नल गेला, नळी तपासली, वीसेक मिनिटं थांबून पाहिलं आणि तरी तो परतला नाही, तर सर्जनला तिथेच थांबता येतं. दुसरी बाजू काही आठवडे किंवा महिन्यांनी, पहिला स्वरतंतू सावरल्यावर काढता येते. दोन्ही स्वरतंतू एकाच दिवशी निकामी होण्याचा धोका यामुळे टळतो. यंत्राचं सर्वांत मोलाचं काम मला हेच वाटतं. त्यासाठी अर्ध्यावर थांबण्याची तयारी सर्जनकडे हवी आणि रुग्णाकडेही. गाठ अर्धी काढून परत आलो, असं घरच्यांना वाटू नये यासाठी हा विषय संमतीपत्रावर सही करण्याआधीच निघायला हवा.

गाणाऱ्यांसाठी आणखी एका नसेची नोंद घेतो. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून एक बारीक फांदी स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूकडे जाते. ती गेली तर बोलणं शाबूत राहतं, पण वरचे सूर लागत नाहीत आणि आवाज लवकर थकतो. इटालियन गायिका अमेलिता गाल्ली-कुर्ची यांची १९३५ मध्ये शिकागोत गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज याच नसेच्या इजेने गेला, असं वैद्यकात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं; अलीकडच्या अभ्यासकांनी त्यावर गंभीर शंका घेतली आहे. ही नस डोळ्यांना पुष्कळदा सापडतच नाही, पण प्रोब टेकवला की तिचा स्नायू थरथरताना स्पष्ट दिसतो. गायक, शिक्षक, कीर्तनकार यांनी आपला व्यवसाय सर्जनला आवर्जून सांगावा.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही स्वरतंतूंची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. आधीची तपासणी नसेल तर नंतरच्या दोषाचा अर्थ लागत नाही. पहिले दोन-चार दिवस घसा बसणं बरेचदा नळीमुळे असतं. त्यानंतरही आवाज घोगरा राहिला किंवा पाण्याचा ठसका लागत असेल तर वाट पाहत बसू नये. ओढ बसलेल्या बहुतेक नसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात, आणि तोवर वाचा-उपचाराचा चांगला उपयोग होतो. श्वास घेताना घरघर होऊ लागली तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

शस्त्रक्रियेनंतर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात त्यादेखील आवाजाच्या नसेमुळेच का, असं अनेक वाचक विचारतात. त्यांचा संबंध पॅराथायरॉइड ग्रंथी आणि कॅल्शियमशी आहे. तो विषय पुढच्या आठवड्यात.