जुने गाणे, नवी आवृत्ती आणि हरवलेले स्वर

बार्शीटाकळीचे हेमाडपंती देवालय तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. अशा देवालयातील कोरीव दगडावरची काजळी काढण्यासाठी कोणी तो काचकागदाने घासला तर काय होईल? काजळी जाईल, पण मूर्तीचे नाकडोळेही झिजतील. जुन्या ध्वनिमुद्रिकांची नवी आवृत्ती काढताना असेच घडू शकते.

बालगंधर्वांची (१८८८–१९६७) नाट्यपदे मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर मुद्रित झाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे गाणे मावे. पुढे तीच पदे एलपी, कॅसेट आणि सीडीवर आली. अशा नव्या आवृत्त्या ऐकून काही जुने श्रोते म्हणतात, “खरखर गेली, पण गोडीही गेली!” यामागे काही शास्त्र आहे का?

आहे. त्या तबकड्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळून बनवीत. त्यावर पोलादी सुई घासली की खरखर होई. या खरखरीत उच्च कंपनसंख्येचे ध्वनी पुष्कळ असतात. ते गाळून टाकणे सोपे; पण ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांची धार आणि तंबोऱ्याची झंकारही त्याच पट्ट्यात असते. गायकाचा षड्ज २४० हर्ट्झचा असेल, तर त्याबरोबर ४८०, ७२०, ९६० अशी उपस्वरांची मालिका उमटते. आवाजाची ओळख या मालिकेवरून पटते. चाळणी फार बारीक लावली, तर वरचे उपस्वर अडकतात आणि आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो.

दुसरा दोष वेगाचा. सुरुवातीच्या काळात सर्व तबकड्यांचा वेग एकसारखा नव्हता. ७४ फेऱ्यांना मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर २४० हर्ट्झचा षड्ज सुमारे २५३ हर्ट्झचा होतो. म्हणजे काळी एकचे गाणे जवळजवळ पांढरी दोनमध्ये जाते! लयही वाढते.

तिसरा दोष मोठेपणाच्या हव्यासाचा. हा प्रयोग करा. आलेखकागदावर १० चौकोन उंचीची लाट काढा. आता ती दुप्पट उंच करा. मात्र १५ चौकोनांपलीकडे जायचे नाही. लाटेचा माथा सपाट झाला ना? सीडीवरही ध्वनीच्या उंचीला ठरावीक मर्यादा असते. तिच्याबाहेर गेलेला माथा छाटला जातो आणि गायकाने कधीच न गायलेले उपस्वर तयार होतात. तोच कर्कशपणा. जगभर जुन्या रॉक संगीताच्या नव्या आवृत्त्यांविषयीही हीच तक्रार होत आली आहे.

मग उपाय? मूळ तबकडी जपणे! नक्कल करताना जे गळाले, ते नकलेतून परत मिळत नाही. मूळ खाचेत मात्र ते टिकून असू शकते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर व सहकाऱ्यांनी सुई न लावता, प्रकाशचित्रांच्या साहाय्याने खाच वाचण्याची पद्धत विकसित केली आहे. तिने तडकलेल्या तबकडीतूनही आवाज मिळवता येतो.

तेव्हा घरात माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर त्या मोडीत घालू देऊ नका. उन्हापासून दूर, पाकिटात घालून, उभ्या ठेवा. उद्याचे शास्त्र आजच्यापेक्षा चांगले वाचू शकेल. पण वाचायला खाच तर उरली पाहिजे!