कुंपणावरचं औषध

वैशाखात अकोल्याचा पारा 45च्या पुढे सरकला की दवाखान्यात धसकटं वेचणाऱ्या बायांची एकच तक्रार असते: "बाई, तळपाय लय जळून रायले." मी आधी विचारते, घराला मेंदीचं कुंपण आहे का? वऱ्हाडात ते बहुतेक आपल्या नाही तर शेजारच्या आवारात सापडतंच.

आयुर्वेदात मेंदीला मदयन्तिका म्हणतात. चवीला कडू-तुरट, गुणाने थंड, पित्त शमवणारी. दाह, उन्हाने उठलेले फोड, तोंड आलं असेल तर पाल्याच्या काढ्याच्या गुळण्या, झोप नसेल तर उशाशी फुलं, असे तिचे उपयोग सांगितलेत. पायांसाठी मी ताजा पालाच घ्यायला लावते. पाट्यावर पाण्याच्या हबक्याने बारीक वाटायचा, तळव्यांना जाड लेप द्यायचा आणि वाळून पापुद्रे सुटले की धुवायचा. भेगांमधून रक्त येत असेल तर लावू नये.

पानातल्या लॉसोन या रंगद्रव्याची त्वचेतल्या केराटिनशी गाठ पडते. तळवे आणि टाचांची कातडी जाड असते, म्हणून रंग तिथेच गडद चढतो आणि वरचा थर झडेपर्यंत टिकतो. कॅपेसिटाबिन या कर्करोगाच्या औषधाने तळहात-तळपायांची आग होते. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी अशा मोजक्या रुग्णांना मेंदी लावून पाहिली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात बहुतेकांना आराम पडल्याची नोंद आहे. अभ्यास लहान आहे, पण दिशा आपल्या आजीच्या वाटेचीच.

मात्र पाय बारमाही जळत असतील तर मेंदी बाजूला ठेवा आणि रक्तातली साखर तपासा. जुन्या ग्रंथांत काविळीवरही मेंदी सांगितली आहे. घरच्या घरी तो प्रयोग मुळीच करू नये. तान्ह्या बाळाला तर मेंदी लावूच नका. जी-सिक्स-पी-डी हे विकर ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी मेंदीने फुटतात आणि उलट कावीळच होते.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो लग्नसराईतल्या 'काळ्या मेंदी'चा. मेंदीचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबडा. तासाभरात काळाकुट्ट रंग चढला तर त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असण्याचीच शक्यता मोठी. नक्षीबरहुकूम फोड आलेले हात मी पाहिलेत.

झाड ओळखता येत नसेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान बघून या. आणि मृग लागला की पेन्सिलीएवढी जाड एक फांदी अंगणात खोचा.