पोटरी आणि पाइप यांच्या मधला पत्रा

मोटारसायकलवर वाढलेल्या माणसाची उजवी पोटरी आतल्या बाजूने पाहिली, तर पुष्कळदा तिथे एक डाग सापडतो. लांबट, गुळगुळीत, भोवतालच्या कातडीपेक्षा काळपट. संभाजीनगरच्या गुलमंडीवर खेटून लावलेल्या गाड्यांमधून वाट काढताना लागलेला, नाहीतर कर्णपुऱ्याच्या यात्रेत गर्दीत उतरताना. चटका क्षणाचा आणि डाग वर्षानुवर्षांचा, त्यामुळे तो कुठे लागला हे ज्याचं त्याला नेमकं आठवतं. हा डाग टाळायचं काम एका वीतभर पत्र्याकडे दिलेलं आहे. त्याला सायलेन्सर गार्ड म्हणतात. गाडी घेताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही, जाहिरातीत त्याचं नाव येत नाही, आणि तो निघून पडला तरी महिनोन्‌महिने मालकाला पत्ता नसतो.

या पत्र्याची ओळख करून द्यायला छत्रपती संभाजीनगरासारखी जागा नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पायाभरणीपासून सोळा महिन्यांत उत्पादन निघालं आणि उद्‌घाटनाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आले होते. पाठोपाठ शहराभोवती सुट्या भागांच्या कारखान्यांचं रान माजलं. आज देशभर नाव असलेल्या एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या कंपन्या इथल्याच. वाळूज, चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशनच्या एमआयडीसीतल्या गाळ्यांमधून पत्र्याचे दाब दिलेले किती प्रकारचे तुकडे रोज बाहेर पडतात याची यादी करायला बसलं तर दिवस जाईल.

बजाजची ओळख तेव्हा स्कूटरची होती. स्कूटरचा सायलेन्सर इंजिनाखाली, बसणाऱ्याच्या पायांपासून दूर दडलेला असतो. पाय पुढे फ्लोअरबोर्डवर असतात. मोटारसायकलने हे चित्र उलटं केलं. इंजिन दोन पायांच्या मध्ये आलं आणि धूर बाहेर नेणारा पाइप फुटरेस्टला लागून मागे गेला. १९८६ ला कावासाकी बजाज केबी१०० आली, १९९१ ला फोर एस चॅम्पियन, १९९७ ला बॉक्सर, आणि १९९८ च्या जूनमध्ये कॅलिबर याच वाळूजमधून बाहेर पडली. मराठवाड्यातली घरं स्कूटरवरून मोटारसायकलवर आली, आणि गरम पाइप थेट पोटरीच्या शेजारी येऊन बसला.

हा पाइप बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, माणसं त्याच बाजूने चढतात-उतरतात, आणि साडी नेसलेल्या बाईने दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची रीत आहे. म्हणून साडी गार्ड डावीकडे आणि सायलेन्सर उजवीकडे, अशी वाटणी होऊन बसली. जुन्या जावा आणि येझदीला मात्र दोन्ही बाजूंना सायलेन्सर होते, म्हणजे सुटका कुठूनच नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांत किकही उजवीकडेच. किक मारताना पाय घसरला की तो थेट इंजिनालगतच्या बेंड पाइपवर, आणि गाडीत सगळ्यात तापणारा भाग तोच.

इंजिनातून निघणारा वायू कित्येकशे अंश तापमानाचा असतो. बेंड पाइप तो अंगावर घेतो. मागे जाताना वायू निवत जातो, तरी सायलेन्सरचा पत्रा हात लावण्याजोगा कधीच राहत नाही. माणसाच्या कातडीची सहनशक्ती किती, याचं उत्तर १९४७ साली हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी दिलं, आणि आजही तेच आकडे वापरतात. कातडी ४४ अंशांवर राहिली तर भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. ७० अंशांवर एक सेकंदही लागत नाही. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा पाइप ७० च्या कितीतरी वर असतो. ‘जरा जपून उतर’ हा सल्ला त्यामुळे तोकडा पडतो. पाय मागे घेईपर्यंत भाजणं होऊन गेलेलं असतं. कातडी पाइपला टेकूच नये अशी सोय गाडीतच असायला हवी.

गार्ड ती सोय करतो, आणि त्याची युक्ती पत्र्यात कमी आणि पत्र्यामागच्या पोकळीत जास्त आहे. पाइपला दोन-तीन ठिकाणी छोटे उंचवटे किंवा पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. त्यांवर उष्णता सोसणारे वॉशर घालून गार्ड स्क्रूने बसवतात. मध्ये काही मिलिमीटरची हवा राहते. हवा उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे दुहेरी भिंतीचा स्टीलचा पेला उकळत्या चहासकट हातात धरता यावा तसा हा प्रकार होतो. गार्डला खाचा किंवा भोकं असतात ती शोभेला म्हणून नाहीत. तापलेली हवा त्यांतून वर निघून जाते आणि खालून थंड हवा येते. शिवाय फटींमुळे पाय टेकलाच तर कातडीला लागणारा धातू कमी असतो.

हा तुकडा करायला सोपा वाटतो, तसा तो नाही. आधी पत्र्यातून आकार कापायचा, मग भोकं पाडायची, मग पाइपच्या वळणाबरहुकूम वाकवायचा, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी डाय. वळण दोन मिलिमीटरनी चुकलं तर गार्ड एका टोकाला पाइपला टेकतो, आणि टेकला की पोकळी संपली, गार्डच चटका द्यायला लागला. डाय बनवणं ही या शहराची खास विद्या आहे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेली मुलं ती गाळ्यागाळ्यांत घेऊन गेली आहेत.

क्रोमबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे फसगत होते. चकचकीत क्रोमचा पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो. काळ्या रंगाच्या पाइपजवळ पाय नेला तर आधी धग जाणवते आणि पाय आपोआप मागे येतो. क्रोमचा पाइप तितकाच तापलेला असून गप्प असतो. सुंदर दिसणारा पाइप इशारा कमी देतो, हे गाडी निवडताना कोणी सांगत नाही.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही, आणि गरिबाच्या वाहनाचंही नाही. अमेरिकेत १९६५ च्या सुमाराच्या शेल्बी कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या काही प्रकारांना पाइप दाराखालून, गाडीच्या कुशीतून बाहेर काढलेले होते. उतरताना पोटरी त्यावर टेकली की फोड आलाच. शौकीन लोक त्याला कोब्राचा डंख म्हणत आणि डाग मिरवत. त्याच साली शेवरोलेने कॉर्व्हेटला असेच पाइप हवे असतील तर देऊ केले, पण त्यावर धातूचं कव्हर घालून. पुढे १९९२ च्या डॉज व्हायपरचे पाइप पुन्हा कुशीत आले, आणि उंबरा तापतो म्हणून इशाऱ्याचं लेबल चिकटवावं लागलं. १९९६ च्या सुमारास कंपनीने ते मागे नेले, आणि २००३ च्या नव्या व्हायपरला पुन्हा बाजूला आणले! महागड्या गाडीलाही उत्तर तेच सापडलं: मध्ये पोकळी ठेवून पत्रा लावणं. संभाजीनगरला महागड्या गाड्यांचं अप्रूप नाही. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेऊन देशाला चकित केलं होतं. तरी या शहरातला डाग शंभर सीसीच्या गाडीचाच.

कायद्याने कपड्यांची काळजी आधी घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम मोटारसायकलला तीन गोष्टी सक्तीच्या करतो: मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण. साडी गार्डचा जीव या तिसऱ्या ओळीत आहे. चटक्याचं नाव त्या नियमात नाही. माझ्या मते चौथी ओळ तिथे यायला हवी होती.

त्यातच सायलेन्सरच्या आतही बदल झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं. धुरातले विषारी वायू मोडणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तो इंजिनाच्या जवळ आणावा लागतो, आणि वायू मोडताना तो स्वतःही उष्णता सोडतो. हवा स्वच्छ होण्याची ही किंमत रास्तच आहे, पण ती पोटरीने भरायचं कारण नाही. नव्या गाड्यांचे गार्ड मोठे झाले त्यामागे हेही एक कारण असावं.

एवढं करूनही गार्ड रस्त्यावर टिकत नाही. सतत तापून-निवून स्क्रू गंजतात. वॉशर कुठेतरी गळून पडतो, गार्ड खडखडायला लागतो, आणि तो आवाज नको म्हणून मालक गार्डच काढून डिकीत टाकतो. गॅरेजमध्ये सायलेन्सर खोलताना काढलेला गार्ड परत बसवायचा राहून जातो. पावसाळ्यात इथली काळी माती पोकळीत जाऊन वाळते. मग हवेच्या जागी मातीचा थर येतो, खाचा बुजतात, आणि गार्ड तापायला लागतो. गाडी धुताना तेवढी फट पाण्याच्या फवाऱ्याने मोकळी करणं हे सगळ्यात स्वस्त काम. आणि आवाजासाठी मूळ सायलेन्सर काढून मोकळा पाइप बसवणारे वीर तर गार्डसकट सगळंच भंगारात देतात. पोलीस अशा सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते कानांसाठी. पोटऱ्यांसाठीही फिरवला तर माझी हरकत नाही.

सर्वांत जास्त जपायला हवं ते लहान मुलांना. उभ्या गाडीचा सायलेन्सर दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या नेमका हाताच्या उंचीवर येतो. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला नाही, त्यामुळे इंजिन बंद केल्यावर पाइप बराच वेळ तापलेला राहतो. गाडी अंगणात लावताना सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करावी. ग्रीसमध्ये या भाजण्यांचा अभ्यास झाला, त्याचा २००५ सालचा निष्कर्षही साधा होता: पायभर पँट घाला, आणि पाइपवर पुरेसं अंतर राखून उष्णतारोधक कव्हर असू द्या.

चटका बसलाच तर टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातलं काही लावू नये. वीस मिनिटं साध्या थंड पाण्याची धार धरावी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला हा सल्ला देताना थोडा संकोच वाटतो, पण बादलीतलं पाणी तांब्याने ओतत राहिलं तरी तोच गुण येतो. फोड फोडू नये. लहान मूल असेल, किंवा जखम तळहाताएवढी असेल, तर दवाखाना गाठावा.

आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा तेल आणि ब्रेकबरोबर एवढंही सांगा: गार्डचे स्क्रू घट्ट कर, गळालेला वॉशर नवा टाक, आणि गार्ड डिकीत पडला असेल तर आजच परत बसव.