तलवार गिळणाऱ्याचा धडा

‘माशाचा काटा घशात अडकला की कोरड्या भाताचा मुटका गिळावा का?’ एका वाचकाचा प्रश्न. उपाय घरोघरीचा. कधीकधी काटा सुटतोही, म्हणून तर तो टिकून आहे. पण नाही सुटला, तर मुटक्याच्या रेट्याने आणखी खोल रुततो. मग डॉक्टरांनी दुर्बीण घातली की समोर भातच भात!

दुसरा फसवा दिलासा एक्स-रेचा. गिळलेलं नाणं त्यात लख्ख दिसतं. माशाचा काटा बरेचदा दिसतच नाही. झोपेत पोटात गेलेली अ‍ॅक्रिलिकची कवळीही, तिला तार नसेल तर, हुलकावणी देते. फिल्म कोरी आली तरी गिळताना टोचतच असेल, तर सीटी स्कॅन किंवा थेट दुर्बीण.

या दुर्बिणीची जन्मकथा मला फार आवडते. १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांना जठरात डोकवायचं होतं. पण ताठ नळी घशाच्या वळणातून उतरणार कशी? उत्तर तलवारीच्या खेळात सापडलं. तलवार गिळणारा मान मागे टाकतो, तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणतो आणि पातं सावकाश खाली सोडतो. कुसमाउलनी अशाच एका कलावंताच्या घशातून नळी जठरापर्यंत नेली. दिव्याचा उजेड तोकडा पडला, आत धड दिसलं नाही. पण वाट सापडली. पुस्तकं श्रेय कुसमाउलना देतात. माझ्या लेखी निम्मं तरी त्या तलवार गिळणाऱ्याचं.

आज दुर्बीण लवचिक आहे, तरी दर वेळी ती लागत नाही. गिळलेल्या दहापैकी आठ-नऊ वस्तू आपोआप शौचावाटे बाहेर पडतात. जठरात पोचलेल्या गुळगुळीत नाण्याची वाट बघता येते. पाच-सहा सेंटिमीटरहून लांब वस्तू मात्र पुढच्या वळणावर अडते. अन्ननलिकेत थांबलेल्या वस्तूला सबुरी नाही. तिथे अडकलेला बटण-सेल ओलाव्यात वीज सोडतो, क्षार तयार होतो आणि दोनेक तासांतच भाजायला लागतं. स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल, तर सकाळ उजाडायची वाट बघू नये.

आणि मुटका? तलवार गिळणाऱ्याला विचारा. घशात काही रेटायचं नसतं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा.