भातकापणीस विळा कोणता?

महाड तालुक्यातील वीर व आसपासच्या गावी हळवी भाते तयार झाली, की घरोघर विळे पाजळले जातात. साध्या धारेचा विळा झटक्याने चालवावा लागतो. त्यामुळे पक्व लोंबीतील दाणे झडतात व धसकटे उंच राहतात. याच धसकटांत खोडकिड्याची अळी दडून बसते आणि पुढील हंगामात पळींज पाडते.

दातेरी विळा करवतीप्रमाणे कापतो. चूड मुठीत धरून विळा आपल्याकडे ओढला म्हणजे पुरे. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने विकसित केलेला 'वैभव' विळा याच जातीचा असून त्याने जमिनीलगत कापणी करता येते. लोंबीतील ८० ते ९० टक्के दाणे पिकताच कापणी करावी व नंतर नांगरून धसकटे वेचून नष्ट करावीत.

तथापि साधा विळा टाकून देऊ नये. बांधावरील कोवळ्या गवतास तोच बरा. शिवाय तो घरीच दगडावर पाजळता येतो. दातेरी विळा मात्र दगडावर घासू नये. दाते बोथट होताच लोहाराकडून कानशीने पुन्हा पाडून घ्यावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच खाचरात दोन्ही विळे चालवून दाखवावेत. उरलेली धसकटे पाहून शेतकरी बंधू स्वतःच निवड करतील.