फिरत्या तबकडीवरचा थर

अंगण सारवणारा हात कितीही सवयीचा असो, थर कुठे जाड तर कुठे पातळ राहतोच. अंगणाला ते चालते. पण डोक्याच्या केसाहूनही कितीतरी पातळ थर द्यायचा आणि तो सगळीकडे सारखा हवा, तर ते काम हाताचे नव्हे. ते काम फिरती तबकडी करते. कसे करते, ते आपण पाहू.

पावसात भिजलेली छत्री गरगर फिरवली की काय होते? काठावरून पाणी उडते. गोफणीचा दगड सुटला की गोल फिरत नाही, सरळ जातो. पाण्याचेही तसेच आहे. त्याला सरळ जायचे असते, म्हणून ते मधून काठाकडे सरकते.

मग सगळेच पाणी उडून का जात नाही? कारण द्रवाला चिकटपणा असतो. ताटात थोडी काकवी घेऊन ताट तिरपे करून बघा. जाड थर भराभर ओघळतो. शेवटचा पातळ थर मात्र जाता जात नाही. ताटाला अगदी लागून असलेली काकवी जागची हलत नाही. वरची काकवी तिच्यावरून घसरते. थर जाड असला, तर वरच्या भागाला घसरायला मोकळीक जास्त. याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. थर दुप्पट जाड असेल, तर वाहून जाणारा द्रव दुप्पट नव्हे, आठपट होतो!

सारी खुबी इथेच आहे. फिरत्या तबकडीवर जिथे थर जाड, तिथला द्रव लवकर निघून जातो. जिथे पातळ, तिथला रेंगाळतो. असे होता होता उंचसखलपणा आपोआप मोडतो.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, काठाकडे ओढ जास्त असते. मग काठाचा थर जास्त झिजत नाही का?" शंका रास्त आहे. काठाकडून द्रव जास्त जातो हे खरे, पण मधला द्रव तिथे येतही असतो. जमाखर्च मांडला, तर जेवढी जागा तेवढीच घट निघते. म्हणून सपाट थर सगळीकडे सारखाच पातळ होत जातो. १९५८ साली एम्सली, बॉनर आणि पेक या तिघांनी हे गणित मांडून दाखवले.

आता याचा उपयोग बघू. मोबाइल फोनच्या पोटात चिप असते. ती सिलिकॉनच्या चकतीवर तयार होते. मोठी चकती ३०० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे एक फूट रुंद असते. तिच्या मधोमध एक पातळ औषध ओततात आणि चकती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवतात. जास्तीचे औषध उडून जाते. उरलेल्यातला पातळ अंश वाळतो आणि थर घट्ट होतो. हा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका असतो. थर निम्मा हवा असेल, तर वेग साधारण चौपट करावा लागतो.

मग या थरावर नक्षीतून उजेड पाडतात. औषध धुतले की नक्षी उठते. थर कमीजास्त असला, तर नक्षीच्या रेघा जाडबारीक होतात आणि चिप वाया जाते. धुळीचा एक कण पडला, तरी त्याच्यामागे शेपटीसारखा ओरखडा उठतो. म्हणून तिथले कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकून काम करतात. एवढ्या मोठ्या यंत्रालाही स्वच्छतेवाचून गत्यंतर नाही.

वाचकहो, छत्रीचे पाणी, ताटातली काकवी आणि फोनमधली चिप, तिन्हींचा नियम एकच. तो कळायला मोठी पदवी लागत नाही. पाणी उडाले तर "का उडाले?" असे विचारावे, आणि थोडे मागे राहिले तर "का राहिले?" असेही विचारावे. दुसरा प्रश्न विचारायचा आपण बहुधा विसरतो. चिपचे सारे काम त्या मागे राहिलेल्या थरावरच चालते.