फॉरमॅट मारण्याआधी फाइल वाचवा

परीक्षा किंवा स्कॉलरशिपच्या फॉर्मचे दिवस आले की घरातला एकुलता एक लॅपटॉप नेमका तेव्हाच अडतो. निळी स्क्रीन येते, नाहीतर गोल चक्र नुसतं फिरत राहतं. दुकानदार म्हणतो, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." आपण हो म्हणतो. मार्कशीट, दाखले, लग्नाचे फोटो, सगळं साफ! पालकांकडून हे गाऱ्हाणं आम्ही शाळेत नेहमी ऐकतो.

विंडोज बिघडणं वेगळं आणि फाइल जाणं वेगळं. हार्डडिस्क शाबूत असेल तर फाइल बहुतेक जागच्या जागी असतात. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरी काहीच करू नका, जाणकाराकडे न्या.

चार्जर लावा. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसलं की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज 10 आणि 11 मध्ये दुरुस्तीचं पान उघडतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'.

तरी जमलं नाही, तर आधी फाइल काढून घ्या. पेनड्राइव्ह लावा, त्याच पानावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या 'फाइल'मधून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता 'युजर्स' फोल्डरमधल्या फाइल दिसतील. राइट क्लिक करून कॉपी करा, पेनड्राइव्हवर पेस्ट करा. ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी नाही तर डी बघा.

इथे लॅपटॉप 48 आकडी बिटलॉकर की मागू शकतो. ज्या ई-मेलने लॅपटॉप चालू केला, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सहसा असते, मोबाइलवरूनही बघता येते. पण घेताना दुकानदाराने स्वतःच्याच ई-मेलने चालू करून दिला असेल, तर की त्याच्या खात्यात! लॅपटॉप नीट चालतोय तोवरच हे तपासा. की नसेल तर त्या फाइल कुणालाच काढता येत नाहीत.

फाइल सुरक्षित झाल्या की 'रिसेट धिस पीसी'. 'कीप माय फाइल्स' निवडा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळं पुसणं. पहिल्या पर्यायातही नंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, म्हणजे उर्दूचं इनपेज पुन्हा टाकावं लागेल.

रिसेटही फसलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज घ्या. फाइल ठेवलेला पेनड्राइव्ह त्यासाठी वापरू नका, तो पूर्ण पुसला जातो. आणि लॅपटॉप विंडोजसकटच विकत घेतला असेल तर लायसन्सचे पुन्हा पैसे देऊ नका. ते त्याच लॅपटॉपला जोडलेलं असतं, तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट लागताच आपोआप चालू होतं.